रूपरावजींचं दाढीवालं फूल

रूपराव उरकुडे हा माणूस खोटं बोलला की लोकांना पटायचं, आणि खरं बोलला की लोक पोट धरून हसायचे. अशा माणसानं खरं तर निवडणुकीला उभं राहायचं. हे गेले हातकागदात. चिंध्या कुटायच्या, लगदा करायचा, चाळणीवर धरायचा, वाळवायचा, आणि त्या खरबरीत कागदावर लिहिताना शाई फुटली की लिहिणाऱ्यालाच साधेपणाचं महत्त्व सांगायचं, हे त्यांचं काम. मी शेजारी तेलघाणीवर होतो. आमची घरंही संस्थेच्याच चाळीत, भिंतीला भिंत लागून. त्यांच्या घरी भाजीला फोडणी कशाची पडली ते मला पंगतीला न बसता कळायचं.

संस्थेचं नाव सांगत नाही. वर्ध्यात त्या काळी दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या टोपीवर पडायचा, त्यातलीच एक समजा. आमचे व्यवस्थापक अण्णाजी. मूळचे हिंगणघाटचे, बाप कापसाचा दलाल. पण अण्णाजींनी सगळं सोडलं होतं. साखर सोडली, चहा सोडला, चपला सोडल्या. दुसऱ्याला सोडायला लावणं तेवढं सुटलं नव्हतं. रोज पहाटे प्रार्थनेला आम्ही सगळे व्रतं म्हणायचो, आणि त्यात सत्य आलं की अण्णाजी डोळे उघडून एकेकाकडे बघायचे. बाकी दिवसभर त्यांचा एकच प्रश्न, समोर माणूस असो, गाय असो की केरसुणी असो: याचा उपयोग काय? चाळीसमोर प्रत्येकाला हातभर अंगण होतं. त्यात वांगी, टमाटे, पालक लावायची मुभा. तुळस चालायची, कारण खोकल्याला लागते. झेंडू चालायचा, कारण त्यानं टमाट्याची कीड जाते असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. मोगरा लावला म्हणून एका शिक्षकाला मात्र त्यांनी भर सभेत उभं केलं होतं.

त्रेपन्न सालच्या चैत्रात अण्णाजींनी रूपरावजींना काश्मिरात धाडलं, तिकडचे जुने कारागीर कागद कसा घोटतात ते बघायला. चूक झाली ती इथं. वर्ध्याच्या माणसाला चैत्रात काश्मीर दाखवू नये. परत आल्यावर कागदाबद्दल त्यांनी चार वाक्यं सांगितली, आणि फुलाबद्दल बोलायला लागले ते थांबेचनात. तिकडे म्हणे एका उतारावर निळ्या फुलांचं रानच होतं. मांडीएवढा उंच दांडा, तलवारीसारखं पान, हाताच्या पंजाएवढं फूल. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या, आणि खालच्या दरेक पाकळीवर दाढी.

हे त्यांनी सांगितलं ते नेमकं कवडू न्हाव्यासमोर, अर्धी हजामत झालेली असताना. कवडूनं वस्तरा बाजूला ठेवला आणि विचारलं की काश्मिरात फुलांची हजामत कोण करतं, जागा रिकामी असेल तर तो यायला तयार आहे. झालं. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत बोभाटा. पोरंसोरं त्यांना 'दाढीवाले काकाजी' म्हणायला लागली, आणि त्यांना स्वतःला तर मिसरूडही धड नव्हतं.

रुख्माबाईंनी, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, वेगळंच विचारलं. ते रान कोणाचं होतं? रूपरावजी भोळे. तिकडे हे फूल कबरीवर लावतात, असं सरळ सांगून मोकळे झाले. मग काय! मसणातलं फूल पाहून नवरा खुळावला, या घोरानं त्या माउलीनं मारुतीला तेल वाहिलं. मला विचाराल तर त्यांचं काही चुकलं नाही. तो माणूस जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायचा.

शेवटी त्यांनी ते मागवलंच. श्रीनगरला एक रोपवाटिका होती, तिचा पत्ता ते कागद घोटणाऱ्यांकडून घेऊन आले होते. मोगरावाल्या शिक्षकानं इंग्रजीत पत्र लिहून दिलं. उत्तर आलं की रोप धाडत नसतो, मुळ्या धाडतो. झाड फुलून दमलं, पावसाळाअखेर झोपलं, की मुळ्या काढून पाठवू. रूपरावजी भादव्याची वाट पाहायला लागले. पितरं जेवायला येतात त्या महिन्याची इतकी ओढ लागलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पेटी आली तेव्हा सारी चाळ जमली. काश्मीरहून लाकडी पेटी म्हटल्यावर सफरचंदाशिवाय दुसरं काय मनात येणार? शेजारच्या शकुबाई तर घरातून सूप घेऊनच आल्या होत्या, वाटा घ्यायला. रूपरावजींनी खिळे उपटले, वाळलं गवत बाजूला केलं, आणि आतून निघाली वेडीवाकडी, सुरकुतलेली, मातकट ढेकळं. वर कात्रीनं पंख्यासारखी कापलेली थोडी पानं. मग शकुबाई म्हणाल्या, अद्रक तर आपल्या बुधवारच्या बाजारातही भेटते, त्यासाठी एवढ्या दूर पत्र कायले लिवाचं? आणि सूप काखेला मारून त्या निघून गेल्या. शकुबाईंचा राग खरा होता, त्यांनी दिवस गेलेल्या सुनेला सफरचंद कबूल केलं होतं.

आता लावणी. ही मुळी पुरायची नसते. पेटीतल्या चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहिलं होतं. म्हैस डबक्यात बसली की तिची पाठ वर राहते, तशी मुळीची पाठ उन्हात उघडी राहिली पाहिजे. खालची तंतुमुळं तेवढी मातीत. आणि पाणी बेताचं, एकदा जीव धरला की जवळजवळ नाहीच. रूपरावजींनी अगदी तसंच केलं. पण आमचा मुलूख हळदीचा! इथलं लहान पोरही जाणतं की गड्डा खोल घालायचा, वरून माती चढवायची, आणि पाण्याला कमी पडू द्यायचं नाही. येणारा-जाणारा बघायचा, च्च च्च करायचा, आणि पायानं माती लोटून ती उघडी पाठ झाकायचा. बिचाऱ्या रूपरावजींच्या लक्षात नसेल राहिलं, म्हणून. हे संध्याकाळी येऊन बोटानं माती उकरायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणा दयाळू माणसाचा पाय पडलेला असायचा.

पाण्याचं तर विचारूच नका. वर्ध्याचा उन्हाळा! वैशाखात तहानलेल्याला पाणी पाजलं की पुण्य, मग तो वाटसरू असो, चिमणी असो की झाड. शकुबाई रोज आंघोळीनंतर तांब्याभर पाणी घेऊन यायच्या आणि तोंडानं देवाचं नाव घेत त्या मुळ्यांवर ओतायच्या. रूपरावजींनी हात जोडून सांगितलं, नका घालू. शकुबाईंनी चाळभर केलं की हा माणूस मुक्या झाडाला पाणी पिऊ देत नाही, याच्या दारात कोण पाणी मागणार? त्यानंतर इतर बायकाही घालायला लागल्या, मुद्दाम. आणि खाली काळी माती, पाणी धरलं की सोडणार नाही. मृगाच्या आधीच मुळ्या मऊ पडल्या. एक उपटून पाहिली तर बोटात लगदा आला आणि असा वास सुटला की रुख्माबाईंनी आतून खिडकी लावून घेतली.

त्याच दिवशी अण्णाजी पाहणीला आले. रूपरावजी वाफ्याशी उकिडवे, हातात सडकी मुळी, डोळ्यांत पाणी. आणि शेजारी मी, कारण असली मौज मी सोडत नसे. अण्णाजींनी विचारलं, "याचा उपयोग काय?" मी मनात म्हटलं, आता हा माणूस फुलाची दाढी सांगणार आणि सभेत उभा राहणार. संस्थेचं घर, संस्थेची नोकरी. मोगऱ्याएवढ्या गुन्ह्यावर शिक्षकाची एक वेतनवाढ गेली होती. रूपरावजींनी त्या मुळीकडे पाहिलं. काष्ठौषधीच्या दुकानात वेखंड मिळतं ना, बाळाच्या पोटावर उगाळून लावतात ते, दिसायला अगदी तसंच असतं. ते म्हणाले, "बाळवेखंड आहे, अण्णाजी. लेकराबाळांच्या औषधाचं."

अण्णाजींसमोर पहिल्यांदा खोटं बोलत होते, त्यामुळे आवाज थोडा कापला. अण्णाजींना तो नम्रपणा वाटला. त्यांनी पाठ थोपटली, पुन्हा मागवा म्हणाले, आणि दुसऱ्या पहाटे प्रार्थनेनंतर सर्वांना सांगितलं की सेवा कशी गुपचूप करावी ते रूपरावजींकडून शिका. रूपरावजी मान खाली घालून बसले होते. चाळीनं लगेच विश्वास ठेवला. दाढीवर वर्षभर हसलेली माणसं वेखंड ऐकताच गंभीर झाली. आपल्याकडे फूल म्हटलं तर चैन, आणि तेच कडू म्हटलं की औषध.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी मुळ्या बसवल्या, हे कबूल करायला हवं. विटांचे तुकडे, पडक्या भिंतीचा चुना, मुरूम, वर थोडी माती, असा गुडघ्याएवढा उतरता ओटा रचला. भोवती बाभळीचे काटे लावले, चोरासाठी नाही, पुण्यवंतांसाठी. पाऊस लागला की तुराट्यांचा टट्टा वर टाकायचे, आणि टट्टा उडाला तर स्वतः छत्री घेऊन ओट्याशी उभे राहायचे. स्वतः भिजताहेत, छत्री मुळ्यांवर. चाळीनं त्यालाही नाव ठेवलं नाही, कारण आता ते लेकरांचं औषध होतं. मुळ्यांनी जीव धरला. हिरवीनिळी, टोकदार पानं आली, एकीच्या बगलेला दुसरी फुटली. फूल तेवढं येईना. चिठ्ठीतच होतं की याला हिवाळा कडक लागतो. आमच्याकडे हिवाळा म्हणजे दोन उन्हाळ्यांमधली सुटी.

मग ती विदेशी बाई आली. संस्थेत पाहुणे यायचेच, चरखा बघायचे, घाणी बघायचे, माझ्या बैलाचा फोटो काढायचे. ही बाई इटलीकडची. अण्णाजी तिला ओटा दाखवायला घेऊन आले आणि ती मटकन खालीच बसली. पानांवरून हात फिरवला. तिच्या आजीच्या अंगणात हेच होतं, असं तिनं दुभाष्याला सांगितलं आणि विचारलं की इथं फुलतं का? रूपरावजींचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर धास्ती वाटली, आता हा सगळं ओकतो. पण अण्णाजींनी मध्येच तिला सांगितलं की आम्हाला फुलाशी कर्तव्य नाही, आम्ही बाळांसाठी मुळी वाढवतो. बाई आनंदानं म्हणाली, हो तर, माझी आजीसुद्धा दात येणाऱ्या बाळाच्या गळ्यात वाळलेली मुळी बांधायची, चावायला!

झालं की नाही! माणसानं खोटं बोलावं आणि सातासमुद्रापलीकडून एका बाईनं येऊन ते खरं करून जावं. रूपरावजींचं तोंड बघण्यासारखं झालं. अण्णाजींना तर स्वर्ग दोन बोटं उरला. त्या दिवसापासून चाळीत बारसं झालं की आहेराबरोबर ओट्यावरची एक मुळी जायला लागली. देणार नाही कसं म्हणतील? एकेक करून बहुतेक गेल्या. लोक त्या नेऊन मोरीच्या कडेला लावायचे, झाकून, पाणी घालून, आणि सांगायला लाज वाटते, काही तिथंही जगल्या. रूपरावजींच्या ओट्यावर राहिली एक.

छप्पनच्या पौषात असा गारठा पडला की रानातली तूर करपली. शेतकरी थंडीला शिव्या देत होते आणि हातकागदवाले रूपराव उरकुडे उघड्या अंगानं ओट्याशी उभे राहून खूष होत होते. आणि फाल्गुनात त्या एकुलत्या झाडातून दांडा निघाला. काय सांगू, माणूस हवेत चालायला लागला. लगद्यात लक्ष नाही, त्या महिन्याचा कागद भाकरीएवढा जाड निघाला. कवडू न्हावी रोज येता-जाता विचारायचा की वस्तऱ्याला धार लावून ठेवू का. रूपरावजी हसून म्हणायचे, लाव, आणि येजो मंग पाहाले. तीन वर्षं हा माणूस लोकांच्या थट्टेचं खाद्य झाला होता. आता त्यांना कोणाला हरवायचं नव्हतं, एवढंच दाखवायचं होतं की आपण पाहिलं ते होतं. कळी फुगली. तिच्या टोकाला निळा रंग दिसायला लागला, दौतीत बुडवून काढलेल्या टाकासारखा. उद्या नाहीतर परवा, ते मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुबाई आल्या. मागे त्यांची सून जिजा, कडेला पोरगं. तिचा नवरा हिंगणघाटला गिरणीत, तो आठवड्यानं यायचा. पोराला उलट्या आणि जुलाब लागले होते. डोळे खोल गेलेले, रडायचंही बळ नाही. जिजा नुसती ओट्याकडे बघत होती.

"रूपरावजी, ओट्यावरची जुनी मुळी द्या," शकुबाई म्हणाल्या. "लेकरू हातचं जाऊन राह्यलं."

मी ओसरीवर राखेनं दात घासत होतो, तो तसाच उभा राहिलो. रूपरावजींनी एकदा कळीकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग त्यांनी ते केलं जे दोन वर्षांत जमलं नव्हतं.

"शकुबाई, त्या मुळीत काई नाई. मी खोटं बोललो होतो. मले फक्त ते फूल पाहाचं होतं. लेकराले दवाखान्यात न्या."

शकुबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की तशी मी माझ्या शत्रूवरही पडू देणार नाही. फुलापायी हा माणूस लेकराला औषध नाकारतो! आणि दवाखान्याचं नाव काढल्यावर तर त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या लेखी दवाखाना म्हणजे माणूस चालत जातो आणि बंडीत येतो. तेवढ्यात हातात झाडू घेऊन अण्णाजी सफाईच्या फेरीवर आले. रूपरावजींना वाटलं, सुटलो. सत्याचा माणूस आला. त्यांनी अण्णाजींसमोर सगळं पुन्हा सांगितलं, वेखंड खोटं, औषध खोटं, काय शिक्षा द्यायची ती द्या, पण या बाईला दवाखान्यात जायला सांगा.

अण्णाजींनी शांतपणे ऐकलं. त्यांनी आजवर इतक्या पाहुण्यांना तो ओटा दाखवला होता की आता मागे फिरायला वाट नव्हती. म्हणाले, "रूपरावजी, असत्य बोलू नका. ती बाई माझ्यासमोर सांगून गेली आहे. एका फुलाच्या मोहानं माणूस किती खाली जातो बघा." आणि या असत्याबद्दल एक दिवस उपवास करा, असं प्रायश्चित्तही तिथल्या तिथं सांगून टाकलं. लेकरू माझ्या डोळ्यांदेखत मान टाकत होतं, आणि इथं व्रताचा हिशोब चालला होता. मला असा संताप आला की तोंडातली राख मी अण्णाजींच्या पायाजवळ थुंकलो. त्यांनी ती झाडली.

रूपरावजींनी काटे बाजूला केले, ते ओट्यावर बसले आणि खुरपं हातात घेतलं. मग जिजाकडे बघून म्हणाले, "मुळी देतो, बाई. पण लेकराच्या पोटात घालाची नाई. आत्ताच्या आत्ता सेवाग्रामच्या दवाखान्यात चालाचं. तिथं डाक्टर सुई लावंल, तवाच मी ही गळ्यात बांधीन. तोवर मुळी माह्याजोळ."

शकुबाई गुरगुरल्या, पण मुळी हवी होती. सौदा झाला. त्यांनी खुरपं घातलं, झाड मुळासकट उपटलं, दांडा कापून ओट्यावर टाकला. निळं टोक मातीत पडलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी घाणीची बंडी जुंपली. सेवाग्रामपर्यंत रूपरावजी मूठ आवळून बसले होते, आणि शकुबाईंची नजर त्या मुठीवरून हलली नाही.

दवाखान्यात पोराला सुई लावून पाणी चढवलं. रूपरावजींनी दिल्या शब्दाप्रमाणे काळ्या दोऱ्यात मुळीचा तुकडा ओवून त्याच्या गळ्यात बांधला. डॉक्टरांनी भुवया चढवल्या, मग शकुबाईंकडे पाहून ते बाटलीकडे वळले. घाणीला बैल हवे होते म्हणून मी त्याच दिवशी परतलो. रूपरावजी मात्र तिथंच राहिले. सासू-सुनेला वॉर्डातलं काही उमजेना, आणि एकटं सोडलं की शकुबाई सुई काढून पळतील ही भीती होती. तिथंच त्यांनी अण्णाजींचा उपवासही करून घेतला. हे ऐकून मी कपाळ बडवून घेतलं. अहो, खरं बोलल्याबद्दल उपवास करणारा माणूस जगात दुसरा दाखवा!

पोरगं वाचलं. तीन-चार दिवसांनी मी बंडी घेऊन त्यांना आणायला गेलो. येताना वाटेत भेटेल त्याला शकुबाई पोराच्या गळ्यातली मुळी दाखवत होत्या. पाण्याच्या बाटलीचं नावसुद्धा नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते हेच. चाळीत आल्यावर बायकांनी मुळीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. रूपरावजी पोटरीपर्यंत धुळीनं माखलेले, गुपचूप घरात शिरले. त्यांची वळकटी घेऊन मी मागोमाग गेलो.

चुलीच्या वरच्या फळीवर पितळेचा तांब्या होता. त्यात तो दांडा. रुख्माबाईंनी मातीतून उचलून पाण्यात ठेवला होता. आणि टोकाला, दौत पुसलेल्या ओल्या चिंधीसारखं, काहीतरी चोळामोळा होऊन लोंबत होतं. रूपरावजी बघतच राहिले.

"फुललं होतं?"

"दोन दिवस," रुख्माबाई तवा पुसत म्हणाल्या. "काय होतं त्यात? वांग्याच्या फुलासारखंच. जरा मोठं."

त्यांनी तांब्या खाली घेतला. ती चिंधी बोटानं उघडायचा प्रयत्न केला, ती बोटालाच चिकटली, बोट निळं झालं. मग लहान लेकरासारखं विचारलं, "दाढी होती?"

रुख्माबाई पहिल्यांदा त्यांच्याकडे वळल्या. त्या बाईनं तीन वर्षं त्या फुलाला मसणातलं म्हणून शिव्या घातल्या होत्या. म्हणाल्या, "होती. पिवळी." आणि रूपरावजी रडले. मीही तोंड फिरवलं, कशाला खोटं सांगू!

दुसऱ्या दिवशी नळावर कवडूनं गाठलंच. वस्तरा वाट बघून राह्यला, फूल आलं का नाई, रुख्माबाई? भोवती चाळीतल्या साऱ्या बाया, पलीकडे अण्णाजी, आणि बादली धरून खुद्द रूपरावजी. एक शब्द पुरे होता. पण मग औषधाचं काय, पाहुण्यांचं काय, संस्थेच्या घराचं काय? रुख्माबाईंनी घागर डोक्यावर घेतली आणि म्हणाल्या, "कायचं फूल? वेखंड हाय ते." अण्णाजींनी समाधानानं मान हलवली. रूपरावजींनीही हलवली.

आता आमच्या गल्लीत घरोघरी ती मुळी आहे. मोरीच्या पाण्यावर माजलेली हिरवी पानं. क्वचित कधी कडाक्याचा हिवाळा पडला आणि एखादीला कळी आलीच तर बाया ती खुडून टाकतात, फुलात जोर गेला तर मुळी बारीक राहते म्हणून. तसा अण्णाजींचा नियमच आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला त्यांनी माणूस नेमला आहे: रूपराव उरकुडे. एका फाल्गुनात ते जिजाच्या मोरीपाशी थांबले होते, मी पाहिलं. कळी होती. ते तिला म्हणाले, एक राहू दे. जिजानं त्यांच्या पाया पडून सांगितलं, काकाजी, याच मुळीनं माहा लेक वाचला, हिचा जोर मी कशी जाऊ देऊ? तिचा लेक तिथंच चिखलात लोळत होता, धडधाकट, गळ्यात काळा दोरा. रूपरावजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि कळी स्वतःच्या हातानं खुडून दिली.

मी म्हणतो, निदान खिशात तरी घालायची! तांब्यात ठेवली असती तर फुलली असती की. पण नियम म्हणजे नियम, त्यांनी ती मोरीत टाकली. त्या संध्याकाळी भाकरी थापायचा आवाज थांबला तसं भिंतीपलीकडून ऐकू आलं, "पिवळी म्हंजे कशी होती वो? झेंडूसारखी का हळदीसारखी?"

"हळदीसारखी," रुख्माबाई म्हणाल्या. "किती डाव सांगू? आता जेवा."